सायकलची सीट, बधिरपणा आणि पुरुषांचं लैंगिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण सायकलवाल्यांना फार लवकर कळते. या विषयावर येणारे निम्मे प्रश्न "मित्रासाठी विचारतोय" अशी सुरुवात करून येतात, आणि तिसऱ्या ओळीत मित्र जाऊन "मला" येतो. तेच ते प्रश्न एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल आणि सीटवर आपटून मार लागला असेल, तर थेट प्रश्न १६ वाचा.

१. राईड सुरू केल्यावर अर्ध्या तासात लिंगाला मुंग्या येतात, मग काहीच जाणवेनासं होतं. सगळ्यांनाच होतं का हे?

पुष्कळांना होतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम ते ओस्लो अशी ५४० किलोमीटरची सायकल शर्यत होते. त्यात उतरलेल्या १६० पुरुषांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३३ जणांना बधिरपणा आला होता आणि २१ जणांना नंतर काही काळ ताठरता येण्यात अडचण झाली होती. अकरा जणांची अडचण आठवड्याहून जास्त टिकली, तिघांची महिन्याहून जास्त.

पण पुष्कळांना होतं म्हणून ते चालवून घ्यावं असं नाही. जुने सायकलवाले नव्यांना "होईल सवय" म्हणतात, तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. नवी सीट घेतल्यावर ढुंगणाची हाडं दुखतात, ते दुखणं दोनतीन आठवड्यांत खरंच कमी होतं. दाबलेल्या नसेला (मज्जातंतूला) मात्र सवय होत नसते.

२. नेमकं काय दाबलं जातं?

लाकडी स्टुलावर ताठ बसा आणि तळहात कुल्ल्यांखाली घाला. दोन टणक उंचवटे लागतील. ती बैठकीची हाडं. शरीराचा भार घ्यायला ती बनलेली आहेत. आता तसेच बसून, कंबरेतून पुढे वाका, जणू हँडल धरलं आहे. भार हाडांवरून सरकून अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागावर, म्हणजे शिवणीवर, आलेला जाणवेल. सीटचं नाक, म्हणजे पुढचं अरुंद टोक, नेमकं तिथे असतं.

या भागातून एक महत्त्वाची नस जाते, प्युडेंडल नर्व्ह. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून, दुसऱ्या ते चौथ्या मणक्याच्या पातळीवर ती निघते, बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि लिंग, अंडकोष व गुदद्वाराभोवतालची संवेदना सांभाळते. लिंगाला रक्त पुरवणारी धमनीही तिच्यासोबतच धावते. शिवाय लिंग जेवढं बाहेर दिसतं तेवढंच नसतं. त्याचं मूळ शरीराच्या आत, जांघेच्या हाडांना चिकटलेलं असतं. सीट चुकीची असेल तर तुम्ही अक्षरशः त्या मुळावर बसलेले असता.

नस दबली की मुंग्या आणि बधिरपणा. धमनी दबली की रक्त कमी. दुसरी गोष्ट जाणवत नाही, पहिली जाणवते, म्हणून बधिरपणाला इशारा मानायचं.

३. सायकल चालवल्याने नपुंसकता येते म्हणतात. खरं काय?

ही शंका सायकलपेक्षा जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लिखाणात सिथियन लोकांच्या नपुंसकतेचा दोष सतत घोड्यावर बसण्याला दिलेला आहे. सायकलच्या बाबतीत खरा गदारोळ उठला तो १९९७ च्या सुमारास, बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या दाबाविरुद्ध जाहीरपणे बोलायला सुरुवात केल्यावर. त्यांच्याकडे जे येत ते आधीच त्रास असलेले रुग्ण, त्यामुळे चित्र गडद दिसणं साहजिक होतं. पण सीट बनवणाऱ्यांना जाग आली ती त्यामुळेच, हेही मान्य करायला हवं.

त्यानंतरचे मोठे अभ्यास असं सांगतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मध्यमवयीन पुरुषांच्या माहितीवर २००१ मध्ये निष्कर्ष आला की आठवड्याला ३ तासांपेक्षा कमी सायकल चालवणाऱ्यांना जास्त धोका दिसत नाही, उलट थोडा फायदाच असावा. त्याहून जास्त चालवणाऱ्यांत धोका वाढत असावा. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ५,२८२ पुरुष सायकलस्वारांच्या पाहणीत सायकलचे तास आणि ताठरतेची तक्रार यांचा संबंधच सापडला नाही. २०१८ मध्ये अडीच हजारांहून जास्त सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या पुरुषांशी केली गेली. लैंगिक क्षमतेत सायकलस्वार मागे नव्हते. बधिरपणा मात्र त्यांच्यात जास्त होता, आणि मूत्रमार्ग आतून आकसण्याचं प्रमाणही.

हे सगळे अभ्यास लोकांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवर आहेत. ज्याने त्रासामुळे सायकल सोडली तो अशा पाहणीत येत नाही. म्हणून माझं मत असं: "सायकलने नपुंसक होतो" हे खोटं आहे. "सायकलने काहीच होत नाही" हेही मी म्हणणार नाही. आठवड्याला दहा तास बधिर होऊन चालवणारा माणूस आणि तेवढेच तास काही त्रास न होता चालवणारा माणूस यांना एकाच रांगेत उभं करून चालत नाही.

४. बधिरपणा किती वेळ राहिला तर काळजी करायची?

सीटवरून उभं राहिल्यावर एकदोन मिनिटांत जाणीव परत आली तर घाबरायचं कारण नाही, पण सीट आणि बैठक तपासायचं कारण नक्की आहे (प्रश्न ५ व ६). घरी येऊन अंघोळ करतानाही बधिर वाटत असेल तर तो दाब जास्त झाला. पुढची राईड तशाच मांडणीवर करू नका.

दुसऱ्या दिवशीही जाणीव पूर्ण आली नसेल तर सायकलला सुटी. आठवडा उलटला, किंवा त्यासोबत ताठरतेत फरक जाणवला, तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा. बहुतेकांचा त्रास दाब थांबल्यावर आपोआप जातो, पण नस सावरायला आठवडे घेते. त्या काळात "बघू आता होतं का" म्हणत रोज सीटवर बसून परीक्षा घेणं म्हणजे जखमेची खपली काढून बघण्यातला प्रकार. चालणं, पोहणं चालू ठेवा.

५. नवीन सीट घेण्याआधी आहे त्याच सायकलवर काय तपासू?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्या लोकांचा त्रास इथेच मिटतो. लागतं काय, तर एक ॲलन की (षटकोनी बोल्ट फिरवायची किल्ली) आणि एक पाणसळ.

आधी कल. सायकल सपाट फरशीवर उभी करा. सीटवर मागपासून पुढपर्यंत एक ताठ पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा आणि त्यावर गवंडी वापरतात ती पाणसळ ठेवा. नाक वर असेल तर गुन्हेगार सापडला. सीट सपाट करा. तरी त्रास राहिला तर नाक एक-दोन अंश खाली करून बघा. त्याहून खाली नेलं की माणूस पुढे घसरतो, हातांवर भार येतो, आणि दर मिनिटाला मागे सरकताना शिवणच घासली जाते.

मग उंची. टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. नेहमीसारखा चवडा ठेवल्यावर गुडघ्याला थोडी दुमड येईल, साधारण २५ ते ३५ अंश. सीट उंच असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावीउजवीकडे डुलते आणि सीटचं नाक करवतीसारखं चालतं. फार खाली असेल तर पायांवर भार येतच नाही, सगळं वजन सीटवर बसतं. आपल्याला कळत नाही, मागून येणाऱ्याला मात्र डुलणं स्पष्ट दिसतं. त्याला विचारा.

शेवटी हँडल. ते लांब किंवा फार खाली असेल तर शरीर पोहोचण्यासाठी नकळत सीटच्या नाकावर सरकतं. राईडच्या शेवटी तुम्ही सीटच्या रुंद भागावर असता की पुढच्या अरुंद भागावर, हे एकदा लक्ष देऊन बघा. प्रश्न ३ मधल्या २०१८ च्या अभ्यासात हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर असणाऱ्यांना बधिरपणाचा त्रास कमी दिसला. हँडल वर घेतल्याने वेग थोडा जाईल. जाऊ द्या.

एका वेळी एकच बदल करा. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, चिकटपट्टीची खूण करून ठेवा. मी एकदा तिन्ही बदल एकाच संध्याकाळी केले. बधिरपणा गेला, गुडघा दुखायला लागला, आणि नक्की कशाने ते शोधायला महिना गेला.

६. माझ्या मापाची सीट कोणती हे कसं ठरवू?

उंची, वजन, कंबरेचं माप यांवरून कळत नाही. ढेरपोट्या माणसाची बैठकीची हाडं जवळजवळ असू शकतात आणि काटकुळ्याची लांब. मोजावंच लागतं.

खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्या, कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर पातळ चड्डीत बसा. टाचा थोड्या उचलून गुडघे वर घ्या आणि किंचित पुढे झुका. अर्धा मिनिट बसून उठा. पुठ्ठ्यात दोन खळगे पडलेले दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पुरुषांत ते बहुधा १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान भरतं. त्यात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवा: खूप वाकून चालवत असाल तर कमी, ताठ बसत असाल तर जास्त. म्हणजे ११५ भरले तर १३५ ते १४५ रुंदीची सीट बघायला लागा.

दोन सावधगिऱ्या. सीटवर छापलेली रुंदी कडेपासून कडेपर्यंतची असते. कडा उतरत्या असतील तर हाडं टेकण्याजोगी सपाट जागा त्याहून कमी मिळते. आणि रुंद म्हणजे चांगली असं समजून प्रमाणाबाहेर रुंद सीट घेतली तर मांड्या घासतात, मग माणूस त्यापासून वाचायला पुढे सरकतो, नाकावर. आगीतून फुफाट्यात.

७. जेलचं जाड कव्हर घातलं तर?

हाताने दाबून बघताना मऊ लागतं आणि दुकानातच घ्यावंसं वाटतं. पण हाडं मऊ जेलमध्ये बुडतात, आणि मधला जेल वर येऊन नको तिथेच दाबतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार प्रकारच्या सीटवर बसवून लिंगाच्या त्वचेपर्यंत पोहोचणारा प्राणवायू मोजला होता. अरुंद आणि जाड गादीच्या सीटवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घटला. रुंद, गादी नसलेल्या चामड्याच्या सीटवर घट सुमारे ६४ टक्के होती. रुंद आणि नाक नसलेल्या सीटवर फक्त २० टक्के. गादीपेक्षा आकार महत्त्वाचा, तो असा.

अर्धा तास बाजारहाट करून येणाऱ्याला जेल चालून जातं. लांब राईडला नाही.

८. मधे खाच किंवा भोक असलेल्या सीट खरंच काम करतात?

काहींना खूप, काहींना उलट. खाचेमुळे मधला दाब निघतो, पण तोच भार खाचेच्या दोन्ही कडांवर जातो. खाच अरुंद असेल आणि तिच्या कडा बरोबर नसेच्या वाटेवर आल्या, तर त्रास वाढतो. प्रश्न ७ मधल्या प्रयोगातली उरलेली चौथी सीट अरुंद आणि खाच असलेली होती, तिच्यावरही प्राणवायू सुमारे ७२ टक्क्यांनी घटलाच. आधी रुंदी बरोबर (प्रश्न ६), मग खाच. रुंद खाचेच्या, आखूड नाकाच्या सीटवर बऱ्याच जणांचा प्रश्न सुटलेला मी पाहिला आहे, पण दुसऱ्याची सीट आठवडाभर उसनी मिळाली तर तीच खरी परीक्षा.

९. नाकच नसलेली सीट विचित्र दिसते. तिच्यावर तोल राहतो का?

राहतो, पण शिकावं लागतं. आपण वळताना आणि हात सोडताना मांड्यांनी सीटचं नाक धरून सायकल सांभाळतो, ते नाक गेल्यावर कळतं. आठवडाभर रिकाम्या रस्त्यावर सराव करा.

फायद्याचा पुरावा मात्र या विषयातला सगळ्यात भक्कम आहे. अमेरिकेच्या नायोश या कामगार आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेली सीट वापरायला दिली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. बधिरपणा अजिबात न आलेल्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. शिवणीवरचा दाब ६६ टक्क्यांनी कमी झाला आणि ताठरतेच्या प्रश्नावलीतले गुणही सुधारले. दिवसभर नोकरी म्हणून सायकलवर बसणाऱ्याने, किंवा बाकी सगळं करून थकलेल्याने, दिसण्याचा विचार बाजूला ठेवून ही वापरून बघावी.

१०. पॅडच्या (आत गादी शिवलेल्या) सायकलिंग शॉर्टखाली चड्डी घालायची का?

नाही. चड्डीची शिवण आणि पॅड यांच्यामध्ये कातडी भरडली जाते. पॅड घासणं आणि घाम यांसाठी आहे. चुकीच्या सीटवरचा बधिरपणा तो घालवत नाही, आणि फार जाड पॅड प्रश्न ७ मधल्या जेलसारखाच वागतो.

११. चालू राईडमध्ये मुंग्या आल्या तर काय करू?

उभे राहा. मुंग्या यायची वाट बघू नका, त्याआधीच. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पायडलवर उभं राहून चालवा. एक गिअर जड टाका म्हणजे तोल जात नाही. प्रश्न ३ मधल्या २०१८ च्या अभ्यासात एकूण वेळेच्या २० टक्क्यांहून जास्त वेळ उभं राहणाऱ्यांना बधिरपणा कमी होता. चढावर उभं राहायची सवय अनेकांना असते, पण त्रास सपाट रस्त्यावर होतो, कारण तिथे माणूस एकाच स्थितीत तासभर गोठून बसतो. खड्डा, गतिरोधक दिसला की ढुंगण उचलायचंच.

१२. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) वीस मिनिटांत बधिर होतं, बाहेर दोन तास काही होत नाही. असं का?

बाहेर सायकल तुमच्याखाली सतत डुलते, सिग्नल येतो, वळण येतं, उतारावर पायडल थांबतं. दर वेळी भार हलतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते आणि समोर स्क्रीन असल्याने उठायचं सुचत नाही. मोबाईलवर दर आठ-दहा मिनिटांनी गजर लावा. पुढचं चाक उंचवट्यावर ठेवलं असेल तर पाणसळ पुन्हा लावून बघा, सीटचं नाक वर गेलेलं असतं.

विजेच्या सायकलवरही असाच प्रकार: मोटर मदत करते म्हणून पायांवरचा जोर कमी होतो आणि तेवढा भार सीटवर वाढतो.

१३. आम्हाला मूल हवंय. सायकल बंद करू का?

बहुतेकांना गरज नाही. प्रश्न ३ मधल्या २०१४ च्या ब्रिटिश पाहणीत सायकलचे तास आणि वंध्यत्व यांचा संबंध दिसला नव्हता. पण २०११ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात, जो वंध्यत्वाच्या उपचारांसाठी आलेल्या जोडप्यांमधल्या पुरुषांवर होता, आठवड्याला ५ तास किंवा जास्त सायकल चालवणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या कमी असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. कारण म्हणून अंडकोषांजवळची उष्णता आणि दाब यांकडे बोट दाखवलं जातं. घट्ट कपड्यांत, जागच्या जागी तासन्‌तास बसून अंडकोष तापतात, हे तर्काला धरून आहे.

म्हणून वीर्यतपासणी उत्तम असेल तर चालवत राहा. संख्या कमी आली असेल तर तास कमी करून बघण्यासारखा हा सोपा उपाय आहे, पण फरक दिसायला वेळ द्या. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. दोन आठवडे सायकल सोडून पुन्हा तपासणी केली तर जुनाच माल मोजला जाईल. आणि पत्नीच्या तपासण्या तोवर थांबवू नका.

१४. वडील साठीचे आहेत, रोज सायकल चालवतात. प्रोस्टेटला धोका?

प्रोस्टेट वाढणं वयाचं लक्षण आहे, सायकलचं नव्हे. पीएसए ही रक्ततपासणी करायची असेल तर आधीचे ४८ तास सायकल चालवायची नाही. सायकलने आकडा वाढतो की नाही यावर अभ्यासांत एकमत नाही, पण दोन दिवसांच्या सुटीत नको त्या बायोप्सीचा प्रसंग टळत असेल तर सुटी घ्यावी.

प्रश्न ३ मधल्या २०१४ च्या ब्रिटिश पाहणीत पन्नाशीपुढच्या, फार जास्त तास चालवणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान जास्त दिसलं होतं. संशोधकांनी स्वतःच सावध केलं की असे लोक तपासण्याही जास्त करून घेतात, त्यामुळे निदान जास्त होणं म्हणजे रोग जास्त होणं नव्हे. वडिलांच्या हृदयाला सायकलने जे मिळतंय ते या आकड्यासाठी सोडायला सांगू नका.

१५. नसबंदी किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली आहे. परत कधी बसू?

नसबंदीनंतर साधारण एक ते दोन आठवडे, सूज आणि दुखणं गेल्यावर. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे थांबावं लागतं, कारण आतली जखम थेट सीटच्या वर असते. दोन्हींत शेवटचा शब्द तुमच्या शल्यचिकित्सकाचा. त्याला "व्यायाम कधी?" असं विचारू नका, "सायकलच्या सीटवर कधी?" असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

१६. पाय घसरला आणि सायकलच्या दांड्यावर आपटलो. कधी डॉक्टर, कधी बर्फ?

नुसती कळ आली आणि अर्ध्या तासात ओसरली, लघवी नेहमीसारखी झाली, तर कापडात गुंडाळलेला बर्फ आणि विश्रांती.

लिंगाच्या तोंडाशी रक्त दिसलं, लघवी होत नाही किंवा लाल होते, शिवणीवर काळानिळा सुजवटा पसरतोय, अंडकोष सुजलाय, यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णालय. मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो. अशा वेळी जोर लावून लघवी करायचा प्रयत्न करू नका. त्या मारातून बरे झालेल्यांनाही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवीची धार बारीक झालेली जाणवते. मार्ग आतून आकसल्याची ती खूण, तेव्हा जुना अपघात डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एक फसवा प्रकार: मारानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, इच्छा नसताना लिंग अर्धवट ताठ राहतं आणि दुखत नाही. आतली धमनी फुटून रक्त भलतीकडे शिरत असल्याचं ते लक्षण असू शकतं, दाखवाच. दुखणारी ताठरता चार तासांहून जास्त राहिली, मग कारण काहीही असो, ती तातडीची बाब आहे.

आणि सायकलशी संबंध नसला तरी इथे सांगतो: अंडकोषात अचानक असह्य कळ, मळमळ, एक अंडकोष वर ओढल्यासारखा, म्हणजे पीळ पडल्याची शंका. हाताशी साधारण सहा तास असतात. "सीटने दुखलं असेल" म्हणून रात्र काढू नका. तरुण मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

१७. मला बधिरपणा कधीच येत नाही, पण ताठरता कमी झाली आहे. सायकलच कारण असेल का?

बहुधा नसेल. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, काही औषधं, झोप, मनावरचा ताण ही कारणं आधी तपासायची. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्या की पहिली तक्रार इथून येते, छातीतून नंतर. चाळिशीपुढे नव्याने हा त्रास सुरू झाला तर रक्तातली साखर आणि हृदय तपासून घ्या. सीटला दोष देऊन ती तपासणी राहून जाते, ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महागडी चूक वाटते.

पहाटे आपोआप ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुतेक ठीक आहेत, मनाकडे बघायला हरकत नाही. घरच्या घरी ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या (व्हायग्रा) गोळ्या घेऊ नका. छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रेटसोबत ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जातो.

१८. सायकल सोडून चार महिने झाले, तरी खुर्चीवर बसलं की शिवणीत जळजळ होते. उभं राहिलं की जाते.

हे नुसत्या बधिरपणापेक्षा वेगळं प्रकरण आहे. बसल्यावर वाढणारी, उभं राहिल्यावर किंवा झोपल्यावर कमी होणारी, रात्री झोपेतून न उठवणारी जळजळ हे प्युडेंडल नसेच्या दुखण्याचं वर्णन आहे. कमोडवर बसल्यावर आराम वाटतो, कारण तिथे मधला भाग मोकळा असतो, हीसुद्धा ओळखीची खूण. अनेकदा याला प्रोस्टेटची सूज समजून प्रतिजैविकांचे कोर्स दिले जातात आणि फरक पडत नाही.

मूत्ररोगतज्ज्ञ किंवा वेदनातज्ज्ञाला दाखवा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर त्या कामातला फिजिओथेरपिस्ट मोठा उपयोगी पडतो. एक सूचना: इंटरनेटवरचे केगेल, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे, व्यायाम स्वतःहून सुरू करू नका. आखडलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं.

१९. बधिरपणा आहे, पण पायांतही आहे. आणि लघवी लागल्याचं कळत नाही.

पुढचं वाचू नका, रुग्णालयात जा. कंबरेच्या मणक्यात नसांचा जुडगा दाबला गेला की नेमका सीट टेकते तोच भाग बधिर होतो. त्यासोबत पायांत अशक्तपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं ही लक्षणं येतात. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. गंमत अशी की वैद्यकीय भाषेत या बधिरपणाचं नावच घोड्याच्या खोगिरावरून पडलं आहे, त्यामुळे सायकलवाला बिचारा खोगीर बदलत बसतो. ओळखायचं साधं: सीटचा बधिरपणा उठल्यावर ओसरतो आणि पाय नेहमीसारखे चालतात.

२०. डॉक्टरांसमोर हे बोलू कसं? शब्दच सुचत नाहीत.

कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा. "आठवड्याला इतके तास सायकल चालवतो. राईडमध्ये इतक्या मिनिटांनी लिंग बधिर होतं. उतरल्यावर इतक्या वेळाने जाणीव येते. पहाटेची ताठरता आहे किंवा नाही. लघवीची धार पूर्वीसारखी आहे किंवा नाही. चालू औषधं ही." पाच-सहा ओळी पुरतात. मोबाईलवर सायकलवर बसलेला बाजूने काढलेला फोटोही असू द्या. सायकल कधी न चालवलेल्या डॉक्टरलाही त्यावरून कळतं की भार कुठे पडतोय. डॉक्टर "मग सायकल सोडा" एवढंच म्हणाले तर विचारा की तपासणीत नसेला किंवा रक्तप्रवाहाला काही झालेलं दिसतंय का, आणि किती आठवडे थांबून, कोणत्या बदलानंतर पुन्हा बसायचं. आणि जावई खरोखरच डॉक्टर असेल, तर दुसऱ्या गावातला मूत्ररोगतज्ज्ञ शोधून द्यायला त्यालाच सांगा. कारण विचारणार नाही तो.